माडगूळचे दोघे बंधु आणि पुण्याची नभोवाणी

वाशीम येथें १९३९ सालीं वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा एक ताम्रपट उजेडांत आला. ह्या ताम्रपटांत एक गोष्ट मोठी मौजेची आहे. आरंभीं राजाची वंशावळ सांगितली आहे, ती संस्कृतांत. आणि पुढें जेथें प्रत्यक्ष दानाचा व्यवहार सुरू होतो, तेथें मजकूर प्राकृतांत शिरतो. कुळाचा मोठेपणा सांगावयाचा तो दरबारी भाषेंत, आणि ज्याच्याशीं गांवकऱ्यांचा रोजचा संबंध यावयाचा तें गांवकऱ्यांच्या भाषेजवळ जाणाऱ्या भाषेंत, अशी ही वांटणी दिसते. वाशीमचें जुनें नांव वत्सगुल्म. येथल्या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन यानें ‘हरिविजय’ नांवाचें काव्य महाराष्ट्री प्राकृतांत रचिलें होतें. पुढील काळच्या अलंकारशास्त्रज्ञांनीं तें वाखाणिलें, त्यांतील उतारे आपल्या ग्रंथांत घेतले. पण मूळ काव्य नाहींसें झालें, आणि आज उरलें आहे तें ह्या उताऱ्यांपुरतेंच.

राजाच्या काव्याची ही गत, मग गांवच्या गाण्याचें काय विचारावें? वऱ्हाडांत भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणतात. डहाक्याचीं गाणीं आहेत, दंडारीचीं आहेत, वाशीम जिल्ह्यांतील पोहरादेवीच्या यात्रेस येणाऱ्या बंजारा समाजाचीं निराळीं आहेत. हीं गाणीं कोणीं रचिलीं हें कोणी सांगत नाहीं, आणि तसें कोणी विचारीतहि नाहीं. गाणाऱ्याचा गळा हाच त्यांचा कागद. गळा थकला कीं तो कागद फाटतो. दुसऱ्या गळ्यानें तोपर्यंत नक्कल करून घेतली असेल तर गाणें वांचलें, नाहींतर गेलें.

विसाव्या शतकांत ह्या जुन्या व्यवस्थेंत एक नवें यंत्र येऊन बसलें. नभोवाणी हेंहि कानांचेंच साधन. तेव्हां गांवच्या गाण्याला तें जवळचें वाटावें हें स्वाभाविक होतें. अमेरिकेंत तसें झालेंहि. तेथील दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखांतलीं गाणीं, फिडल आणि बॅंजो यांच्या साथीवर घरांच्या ओसऱ्यांवर म्हटलीं जात असत. नॅशव्हिल शहरांतील एका विमा कंपनीनें आपली एक नभोवाणी काढली आणि १९२५ च्या नोव्हेंबरांत तिच्यावर ह्या गाण्यांची शनिवार-रात्रीची बैठक सुरू केली. पुढें ‘ग्रॅंड ओल ऑप्री’ ह्या नांवानें ती जगप्रसिद्ध झाली. विम्याच्या गिऱ्हाइकांसाठीं मांडलेल्या ह्या बैठकींतून ‘कंट्री म्युझिक’ नांवाचा एक मोठा संगीतप्रकार उभा राहिला. गाणीं लिहिणारा, तीं गाणारा आणि श्रोत्यांशीं चार घरगुती गोष्टी बोलणारा असा एक नवा व्यवसायच तेथें निर्माण झाला. आपल्याकडे नभोवाणी सरकारची. तीवर विम्याची जाहिरात नव्हती, आणि मनास येईल तें म्हणण्याची मुभाहि नव्हती. अशा नभोवाणींत महाराष्ट्राचें गांवरान बोलणें आणि गाणें कोणत्या वाटेनें शिरलें, हें पाहावयाचें असेल तर माडगूळच्या दोघां भावांची हकीकत पाहावी. थोरला गाणीं लिहिणारा. धाकटा नभोवाणीच्या ग्रामीण विभागांत नोकरी करणारा. दोघांची कामगिरी एकत्र धरली तरच हा विषय पुरता कळतो.

माणगंगेच्या कांठचा मुलूख तो माणदेश. पाऊस बेताचा, दुष्काळ नेमाचा. बाजरी, मटकी आणि मेंढरें यांवर निर्वाह. ह्या माणदेशांतील माडगूळ हें गांव जुन्या औंध संस्थानच्या आटपाडी महालांतलें. गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजीं शेटफळें येथें आजोळीं झाला. वडील संस्थानांत कारकून; पगार तुटपुंजा आणि बदल्या ठरलेल्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि हे मोठे हौशी पुरुष होते. ते स्वतः चित्रें काढीत, कीर्तन करीत, आणि रामकथेचीं चित्रें काढून त्यांनीं ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध केलें होतें. अशा संस्थानांत शिकणाऱ्या मुलाच्या कानांवर कीर्तनांतलीं आख्यानें, आईच्या ओव्या, धनगरांचे गजे आणि तमाशाची ढोलकी हीं सारीं एकाच वेळीं पडत होतीं. शाळेच्या परीक्षेला मात्र ह्यांपैकीं कांहींच उपयोगी पडत नाहीं. गजाननरावांना मॅट्रिकची परीक्षा पार करतां आली नाहीं, आणि घरची ओढगस्त अशी कीं पुन्हां बसण्याची चैन परवडण्यासारखी नव्हती.

१९३८ च्या सुमारास ते कोल्हापुरास हंस पिक्चर्समध्यें शिरले. ‘ब्रह्मचारी’ ह्या चित्रपटांत त्यांनीं किरकोळ काम केलें. कांहीं काळ ते वि. स. खांडेकर यांचे लेखनिक होते, आणि ही नोकरी त्यांच्या फार उपयोगी पडली असली पाहिजे. कारण दुसऱ्याचें वाक्य कागदावर उतरवितांना तें कोठें वळतें आणि कोठें थांबतें, हें हाताला आपोआप कळूं लागतें. १९४२ च्या ‘पहिला पाळणा’ ह्या चित्रपटापासून त्यांच्या गीतलेखनास खरी सुरुवात झाली. मग १९४७ त राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ आला. कथा, संवाद आणि गीतें अशी तिन्ही अंगें त्यांनीं संभाळलीं. सोलापूरचा रामजोशी हा वेदशास्त्र जाणणाऱ्या घराण्यांतला. पण त्याचें मन फडावर रमलें. त्याच्यावर चित्रपट लिहिणाराहि आख्यानाच्या परंपरेंत वाढलेला आणि ढोलकीचा शोकी. हा योग नुसता योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. पंडिताचें ज्ञान आणि फडावरचा ठेका यांचा सांधा कोठें जुळतो, हाच गजाननरावांच्या सर्व लेखनाचा मूळ प्रश्न आहे.

त्या चित्रपटानंतर त्यांनीं मागें वळून पाहिलें नाहीं. दीडशेंहून अधिक मराठी चित्रपटांशीं लेखक वा गीतकार म्हणून त्यांचा संबंध आला. ‘दो आंखें बारह हाथ’ ह्या १९५७ च्या हिंदी चित्रपटाची कथा त्यांचीच. त्या कथेचें मूळ माणदेशांतच आहे: औंधच्या राजांनीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें कैद्यांची एक मोकळी वसाहत वसविली होती, तिला भिंती नव्हत्या कीं पहारे नव्हते. ह्या चित्रपटाला १९५८ त बर्लिनच्या महोत्सवांत पारितोषिक मिळालें. आटपाडीच्या माळावरची गोष्ट बर्लिनला पोंचली, पण तिचा मुलूख कोणता हें तेथें फारसें कोणाला ठाऊक नसावें.

ह्या चित्रपटगीतांकडे पाहतांना एक गोष्ट ध्यानांत येते. गजाननरावांचीं अनेक गाणीं त्यांचीं म्हणून ओळखलीं जात नाहींत. १९५३ च्या ‘गुळाचा गणपति’ मध्यें त्यांनीं लिहिलेला आणि पु. ल. देशपांडे यांनीं स्वरबद्ध केलेला आळंदीचा अभंग भीमसेन जोशी यांनीं गाइला. तो एखाद्या संताचाच आहे असें समजून कित्येक भजनी मंडळांनीं तो आपल्या नेहमींच्या अभंगांत घेतला. त्याच वर्षींच्या ‘देवबाप्पा’ मधील मोराचें बालगीत बालवाड्यांतून असें म्हटलें जातें कीं जणूं तें आजीच्याहि आजीपासून चालत आलें आहे. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ मधील लावणी फडावर गेली आणि फडाचीच झाली. लेखकाचें नांव पुसलें जाणें हा छापील कवितेच्या जगांत अन्याय ठरेल. लोकगीताच्या जगांत तीच पावती. ज्याचें गाणें लोक आपलें म्हणून म्हणूं लागले, तो भुलाबाईच्या गाण्यांच्या अनामिक कर्त्यांच्या पंक्तीला जाऊन बसला.

हें त्यांना साधलें कसें? त्यांनीं लोकगीताचे नुसते शब्द उचलले नाहींत, तर सांचे उचलले. ओवी, अभंग, भूपाळी, पाळणा, लावणी, पोवाडा, गौळण ह्या प्रत्येक प्रकाराची एक ठराविक चाल असते आणि ती चाल श्रोत्याच्या कानांत आधींच बसलेली असते. पहिली ओळ ऐकतांच श्रोत्याला कळतें कीं आतां पाळणा येणार, आतां सवाल येणार. मग त्याचें लक्ष चाल समजून घेण्यांत खर्ची पडत नाहीं, तें सरळ शब्दांकडे जातें. ऐकावयाच्या वाङ्मयाची ही पहिली गरज आहे. वाचणारा मागें जाऊन पुन्हां वाचूं शकतो. ऐकणाऱ्याला मागें जातां येत नाहीं. म्हणून ऐकण्याच्या गाण्यांत कर्ता लवकर यावा लागतो, लांबलचक समास चालत नाहीं, दोन अर्थांचा शब्द वैऱ्यासारखा टाळावा लागतो, आणि ध्रुवपद असें असावें लागतें कीं तें दर कडव्यानंतर परत आलें म्हणजे मागच्या कडव्याचा अर्थ घेऊन येईल. गजाननराव ह्या बाबतींत फार काटेकोर होते. त्यांचीं गाणीं सोपीं वाटतात तीं ह्यामुळेंच. आणि सोपीं वाटतात म्हणून कांहीं टीकाकारांनीं त्यांना बरेच दिवस कवि मानावयास कांकूं केली, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

पुण्याचें नभोवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. मुंबईचें केंद्र १९२७ पासूनचें, नागपूरचें १६ जुलै १९४८ पासूनचें. त्यांच्या मानानें पुणें उशिराच आलें. परंतु तो काळ विशेष होता. १९५२ त नभोवाणी खातें बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आलें. सिनेमाच्या गाण्यांनीं लोकांची अभिरुचि बिघडते असें त्यांचें ठाम मत होतें, आणि थोड्याच काळांत चित्रपटगीतें सरकारी नभोवाणीवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. श्रोत्यांनीं कान मिटले नाहींत. त्यांनीं कांटा फिरविला आणि सिलोनची नभोवाणी लावली. तेव्हां सरकारी केंद्रांपुढें प्रश्न पडला कीं सिनेमाचीं गाणीं नकोत तर त्यांच्या जागीं द्यावयाचें काय? शास्त्रीय संगीत सर्वांना पेलत नाहीं. म्हणून केंद्रांनीं स्वतः कवि गांठून, संगीतकार गांठून, स्वतःचीं गाणीं तयार करवून घ्यावयास सुरुवात केली. ह्यांतली गंमत अशी कीं चांगलें गाणें लिहिणारे आणि चांगली चाल बांधणारे बहुतेक लोक सिनेमांतच होते. दारांतून घालविलेला पाहुणा केंद्रांना खिडकींतून आंत घ्यावा लागला.

पुणें केंद्राचे कार्यक्रम-अधिकारी सीताकांत लाड यांनीं गजाननरावांकडे वर्षभर चालेल अशा एका गीतमालेची मागणी केली, आणि त्यांतून गीतरामायण निघालें. संगीत सुधीर फडके यांचें. फडके हे कोल्हापूरचे, आणि जन्मसाल दोघांचेंहि १९१९. १ एप्रिल १९५५ हा रामनवमीचा दिवस. त्या सकाळीं पहिलें गीत प्रक्षेपित झालें. आठवड्याला एक नवें गीत, म्हणजे वर्षाचीं बावन्न व्हावयाचीं. पण त्या वर्षीं भाद्रपद अधिक आला, आणि पुढची रामनवमी १९ एप्रिल १९५६ ला पडली. म्हणून गीतांची संख्या छप्पन्न झाली. पंचांगानें कवीला चार गीतें जास्त लिहावयास लाविलीं असा प्रकार दुसऱ्या कोणत्या काव्याच्या बाबतींत घडला असेल असें वाटत नाहीं.

छप्पन्न आठवडे हें काम कसें चालत असेल याची कल्पना नुसतें पुस्तक वाचून येत नाहीं. सारें काव्य आधीं लिहून ठेविलेलें नव्हतें. आठवड्याचें गीत आठवड्याला लिहावयाचें; तें फडक्यांच्या हातीं पडावयाचें; त्यांनीं प्रसंग पाहून राग, ठेका ठरवावयाचा; गाणाऱ्यास बोलावून शिकवावयाचें; मग ध्वनिक्षेपकासमोर उभें राहावयाचें. प्रक्षेपणाची घटका कोणासाठीं थांबत नसे. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर अशा अनेक गळ्यांतून तीं गीतें श्रोत्यांपुढें आलीं. पुढें सुधीर फडके एकटेच सारीं गीतें सभागृहांतून गाऊं लागले, आणि आज बहुतेकांच्या कानांत त्यांचाच आवाज आहे. पण नभोवाणीवरील मूळ योजना अनेक आवाजांची होती. कारण गीतें निरनिराळ्या पात्रांच्या तोंडीं आहेत. आरंभीं लवकुश रामापुढें गात आहेत, मग दशरथ बोलतो, कौसल्या बोलते, सीता, भरत, शूर्पणखा, हनुमान बोलतात. कथेंतलें पुष्कळसें निवेदन कवीनें पात्रांवर सोंपविलें आहे. ही तऱ्हा सरळ तमाशाच्या आणि कीर्तनाच्या परंपरेंतली आहे. नाटकाला रंगभूमि लागते, नभोवाणीला आवाज पुरतो.

नभोवाणीनें कवीला आणखी एक सवलत दिली. त्या वेळच्या ध्वनिमुद्रिका मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या होत्या, आणि तिच्या एका बाजूवर सुमारें सव्वातीन मिनिटांचेंच गाणें मावत असे. भावगीताची लांबी कवींनीं ठरविली नव्हती, ती लाखेच्या तबकडीनें ठरविली होती. दोन-तीन कडवीं झालीं कीं गाणें संपलें. नभोवाणीवर ही अडचण नव्हती. म्हणून गीतरामायणांतलीं गीतें सात सात, आठ आठ कडव्यांचीं होऊं शकलीं, आणि प्रसंग सावकाश उलगडतां आला. चालींतहि भूप, यमन, मांड, भैरवी असे परिचित राग घेतले आहेत, परंतु रागाचा विस्तार करून शब्द बुडविलेले नाहींत. वानर समुद्रावर सेतु बांधतात तेथें ठेका एकत्र ओझें उचलणाऱ्या मजुरांचा आहे; गंगा ओलांडतांना नावाड्यांच्या तोंडीं होडी वल्हविण्याची लय आहे. माणदेश ह्या काव्यांत असा लपून बसलेला आहे. उघड मात्र तो फारसा दिसत नाहीं. गीतरामायणाची भाषा नितळ आणि संस्कृताकडे झुकणारी आहे. गांवरान शब्दाचा ठसका पाहावयाचा तर त्याच कवीच्या लावण्यांकडे वळावें लागतें. छप्पन्नहि गीतें सारख्याच उंचीचीं आहेत असेंहि नाहीं. युद्धाच्या भागांत कांहीं ठिकाणीं कथा पुढें ढकलण्याचें काम गीताच्या अंगावर पडलें आहे आणि तेथें कवीची दमछाक जाणवते. पण ज्या प्रसंगीं माणूस माणसाला समजूत घालीत असतो, राम भरताला किंवा सीता रामाला, तेथें त्याला तोड नाहीं.

लोकांनीं ह्या गीतांचें जें स्वागत केलें तें आजहि सांगितलें जातें. प्रक्षेपणाच्या वेळीं घरोघर रेडिओला हार घालीत, ज्यांच्या घरीं रेडिओ नसे ते शेजाऱ्याच्या ओसरीवर जमत. गीतें वहींत उतरून घेण्याची तर सरसहा चाल होती. पुन्हां गळ्यावरून कागदावर जाण्याचाच हा प्रकार. १९५७ च्या विजयादशमीस, ३ ऑक्टोबर रोजीं, सरकारच्या प्रकाशन विभागानें गीतें पुस्तकरूपानें काढलीं. पुढें हिंदी, गुजराती, कानडी, तेलुगू, संस्कृत आदि भाषांत त्यांचीं रूपांतरें झालीं, आणि मूळ चालींवरच म्हणतां यावींत अशा बेतानें त्यांतलीं कित्येक बांधलीं गेलीं.

आतां धाकटे बंधु. व्यंकटेश माडगूळकर यांचा जन्म माडगूळचा, १९२७ चा. थोरल्या भावाला गांवाचें गाणें ऐकूं आलें. ह्यांना गांवाचें बोलणें ऐकूं आलें, आणि गांवाचें गप्प बसणेंहि. १९४९ त ‘माणदेशी माणसें’ प्रसिद्ध झालें. रामोशी, धनगर, कुणबी, शाळामास्तर, खेड्याच्या पारावरचीं साधीं माणसें, पण त्यांच्याविषयीं कळवळ्याचें भरतें नाहीं कीं थट्टाहि नाहीं. दिसलें तें लिहिलें आहे. ह्या मुलखानें त्यांना प्रेम दिलें तसा चटकाहि दिला. १९४८ त गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रांत ब्राह्मणांचीं घरें जाळलीं गेलीं. त्या दिवसांवर त्यांनीं पुढें ‘वावटळ’ ही कादंबरी लिहिली. तीत चीड आहे, पण सूड नाहीं. जाळणारेहि ओळखीचेच आणि वांचविणारेहि ओळखीचेच, ही खेड्याची अडचण तीत बरोबर उतरली आहे.

१९५५ त व्यंकटेशराव पुणें नभोवाणीच्या ग्रामीण कार्यक्रम विभागांत नोकरीस लागले. त्याच वर्षीं त्यांची ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपानें आली, आणि त्याच वर्षीं त्याच केंद्रावर थोरल्या भावाचीं गीतें चालू झालीं. ग्रामीण विभागाचें काम गीतरामायणाइतकें दिपविणारें नव्हतें. रोज सायंकाळीं शेतकऱ्यांसाठीं बाजारभाव, हवामान, पिकांवरची कीड, सहकारी सोसायट्या, मधून एखादी श्रुतिका, एखादें भजन, असा तो संसार. ह्या कार्यक्रमांचा मुख्य प्रश्न भाषेचा होता. शेतकी खात्याचा तज्ज्ञ लिहून आणी तो मजकूर छापील पुस्तकाच्या मराठींत असे. उलट शहरांतला नट खेडुत बनून बोलूं लागला कीं तो नाटकांतल्या गड्यासारखा बोले, आणि खऱ्या गड्याला त्याचें हंसूं येई. बांधावरचा माणूस प्रश्न कसा विचारतो, नको असलेल्या सल्ल्याला तो मान कशी डोलावतो, हें ज्याला ठाऊक तोच तेथें उपयोगी. ‘माणदेशी माणसें’ लिहिणाऱ्याला अशा विभागांत जागा मिळाली, ही सरकारी खात्याच्या हातून घडलेली एक शहाणपणाची गोष्ट म्हटली पाहिजे.

ह्याच केंद्रावर १९५६ च्या आरंभीं एक प्रयोग झाला, त्याची कीर्ति देशाबाहेर गेली. कॅनडांत १९४१ पासून शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें चालत असत. त्यांच्या धर्तीवर युनेस्कोच्या साहाय्यानें पुणें, नासिक, अहमदनगर, उत्तर सातारा आणि कोल्हापूर ह्या जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवांत मंडळें स्थापण्यांत आलीं. मंडळांत वीसपर्यंत माणसें. गांवांत एक रेडिओ. १७ फेब्रुवारीपासून २२ एप्रिलपर्यंत आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा कार्यक्रम. कार्यक्रम संपला कीं मंडळानें त्यावर चर्चा करावयाची, ठराव करावयाचा आणि शंका असतील तर त्या केंद्राला लिहून पाठवावयाच्या. पुढच्या कार्यक्रमांत त्यांचीं उत्तरें यावयाचीं. नभोवाणी तोंवर एकतर्फीच बोलत होती. येथें तिला उलट बोलणारें कोणी भेटलें. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें प्रयोगाची पाहणी केली. मंडळांच्या गांवांतील लोकांच्या माहितींत जी भर पडली ती बिनमंडळाच्या गांवांपेक्षां पुष्कळच मोठी दिसली, आणि १९५९ त सरकारनें ही योजना देशभर सुरू केली.

तारखा जुळवून पाहिल्या तर दिसतें कीं गीतरामायणाचें शेवटचें गीत १९ एप्रिलला झालें आणि शेतकरी मंडळांचा प्रयोग त्यानंतर तिसऱ्या दिवशीं आटोपला. एकाच केंद्रावरून, एकाच ऋतूंत, शहरांतल्या ओसरीवर रामकथा ऐकली जात होती आणि खेड्याच्या चावडींत खतांची चर्चा चालली होती. पहिल्याची स्मृति घरोघर राहिली. दुसऱ्याची अहवालांत राहिली, आणि अहवाल कोण वाचतो? ध्रुवपद असलेली गोष्ट टिकते, चर्चा विरते. तरीसुद्धां त्या दीडशें गांवांत कोणी तरी त्या वर्षीं बियाणें बदललें असेल, सोसायटीचा हिशेब मागितला असेल. त्याला गाण्याइतकें नांव नसेल, पण कांहींच झालें नाहीं असें म्हणतां यावयाचें नाहीं.

दोघां भावांचें लेखन क्वचित् एकाच कामांत एकत्रहि येई. ‘सांगत्ये ऐका’ चे पटकथा-संवाद व्यंकटेशरावांचे आणि गाणीं गजाननरावांचीं. हा चित्रपट पुण्यास विजयानंद चित्रगृहांत १३१ आठवडे चालला. तमाशाची कथा असल्यामुळें त्यांतलें बोलणें आणि गाणें एकाच मुलखाचें असणें जरूर होतें, आणि तें तसें होतें.

गजाननरावांना पुढें मान पुष्कळ मिळाले. १९६२ पासून बारा वर्षे ते विधान परिषदेचे सभासद होते, १९६९ त त्यांना पद्मश्री मिळाली. १९७३ चें साहित्य संमेलन वाशीमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याच्या ठाण्यास, यवतमाळ येथें भरलें, त्याचे ते अध्यक्ष होते. वाशीम त्या वेळीं अकोला जिल्ह्यांत मोडत होतें. १९०५ पर्यंत तें स्वतः जिल्हा होतें, आणि पुन्हां जिल्हा झालें तें १ जुलै १९९८ रोजीं. मॅट्रिक न झालेला, सिनेमाचीं गाणीं लिहिणारा मनुष्य साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर बसला, तेव्हां जुनी कांकूं संपली असें मानावयास हरकत नाहीं. १४ डिसेंबर १९७७ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. त्यानंतर सहा वर्षांनीं, १९८३ त, अंबाजोगाईच्या संमेलनाचे अध्यक्ष व्यंकटेशराव झाले. एका घरांतील दोघे भाऊ, दहा वर्षांच्या अंतरानें, एकाच आसनावर. त्याच वर्षीं ‘सत्तांतर’ ह्या त्यांच्या लहानशा कादंबरीला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. तिच्यांत माणसें नाहींत, वानरांच्या टोळ्या आहेत. २८ ऑगस्ट २००१ रोजीं ते वारले.

व्यंकटेशरावांनीं नभोवाणीसाठीं केलेल्या रोजच्या कामांतलें थोडेंच छापलें गेलें असेल. बाजारभावांच्या मधल्या त्या गप्पा, श्रुतिका, खेडुतांच्या पत्रांचीं उत्तरें हीं त्या त्या संध्याकाळीं ऐकणाऱ्यांपुरतींच होतीं. त्यांची ‘बनगरवाडी’ मात्र एकामागून एक आवृत्त्यांनीं छापली जात राहिली, परभाषांत गेली, आणि १९९५ त अमोल पालेकर यांनीं तिचा चित्रपट केला. गजाननरावांच्या बाबतींत उलट झालें आहे: जें हवेंत सोडलें होतें तेंच सर्वांत अधिक टिकलें. अजूनहि रामनवमीच्या सकाळीं गांवोगांवच्या देवळांतून ध्वनिवर्धकावर गीतरामायण लागतें, आणि बारा वाजतां जन्माचा पाळणा हलविणाऱ्या बाया त्यांतली रामजन्माची ओळ कोणी लिहिली हें न विचारतां ती बरोबरीनें म्हणत असतात.